अर्ध्या घामाच्या तायडेबाई

अकोल्याच्या मे महिन्यात घाम पुसून होईपर्यंत माणूस पुन्हा भिजलेला असतो. त्या उन्हात चंद्रभागा तायडे नावाच्या एक शिक्षिका खुर्चीत ताठ बसून पांढऱ्या रुमालानं चेहऱ्याची फक्त उजवी बाजू पुसायच्या. उजवं कपाळ, उजवा गाल, मानेची उजवी बाजू. डावी बाजू कोरडी ठणठणीत, नाकाच्या मधोमध कुणी बांध घालून पाणी अडवल्यासारखी. नवा माणूस टक लावून बघतच राहायचा. मग बाई म्हणायच्या, "काय पाहून राह्यले? डाव्या अंगाले चिखलदरा हाये माह्या."

पण हे नंतरचं. आधी त्यांचे दोन्ही गाल चारचौघांसारखे घामेजत होते, आणि त्या काळात मी त्यांना जवळजवळ मारलं होतं. नातवंडं म्हणतात, आजी, तू प्रत्येक गोष्टीत स्वतःला वाईट ठरवतेस. त्यांनी तेव्हाची मी पाहिलेली नाही, म्हणून ती असं म्हणू शकतात.

तेव्हाची मी म्हणजे अमरावतीच्या वकिलाची मुलगी, नवी कोरी बी.ए., डोळ्यांना गरज नसताना चष्मा लावणारी. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात मुलींची एक शाळा होती, तिथं मी नोकरीला लागले. पन्नासचं दशक सरत आलं होतं. अकोल्याला सुधारायची जबाबदारी आपल्यावर आहे, असा माझा समज होता. अकोल्याला त्याची कुणी कल्पना दिलेली नव्हती.

तायडेबाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. बाळापूरकडच्या. गणित शिकवायच्या आणि कवायतही घ्यायच्या. गणित त्यांना येत होतं म्हणून, आणि कवायत दुसरं कुणी घेत नव्हतं म्हणून. पण कवायत घेताना त्यांच्या तोंडात शिटी नसायची. हातात तो पांढरा रुमाल असायचा. रुमाल वर गेला की दोनशे मुलींचे हात वर. रुमाल खाली आला की खाली. सगळी कवायत मुक्यानं चालायची. मी विचारलं, "तायडेबाई, शिटी का नाही वाजवत?"

"शिटी वाजवली का पोट्ट्या आयकतात," त्या म्हणाल्या, "रुमाल हालवला का पायतात. पायनारी पोट्टी बरी."

मला हे फार खोल वाटलं. मी वहीत लिहून ठेवलं. खरं कारण वेगळंच होतं.

त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. पहिल्या दिवसापासून मी 'अमरावती'. "ये अमरावती, खडू दे." "अमरावती, चष्मा पूस, धूळ बसली." शिक्षकांच्या खोलीत पाण्याचा एक मोठा माठ होता आणि कोपऱ्यात तायडेबाईंनी स्वतः आणलेली सुरई. त्यांनी माठाला हात लावू नये असा नियम कुणी केलेला नव्हता. म्हणूनच तो कुणाला मोडता येत नव्हता. तिसऱ्या दिवशी मी सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तायडेबाई, मी तुमच्या सुरईतलं पाणी पिते आहे हं!" आणि क्रांती करावी तसं ते प्यायले.

त्यांनी वहीतून मान वर केली. "पे ना बाप्पा. कोनाले सांगून राह्यली?" मग मी पेला ठेवल्यावर म्हणाल्या, "झालं का? मंग आता रिकामी झाली ते भरून आन. रोज मलेच भरा लागते."

मी मुकाट्यानं सुरई भरून आणली. क्रांतीत पाणी भरावं लागतं, हे पुस्तकात नव्हतं.

आता माझ्या गुन्ह्याकडे येते. शाळेची घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. महादू शिपाई लोखंडी कांबीनं तो बडवायचा, आणि ते झाड नेमकं तायडेबाईंच्या वर्गाच्या खिडकीबाहेर होतं. महादूची एक रीत होती. घंटा द्यायच्या आधी तो खिडकीशी जायचा आणि डोक्यावरची टोपी काढायचा. बाई ते बघून खडू खाली ठेवायच्या, खुर्चीत बसायच्या, दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवायच्या आणि मान हलवायच्या. मग महादू टोपी घालून, झाडाशी परत येऊन, कांब शोधून, घंटा द्यायचा. महादूचं वय पाहता या सगळ्याला दोन-तीन मिनिटं लागत. शाळा वर्षानुवर्षं त्या दोन-तीन मिनिटांनी मागं चालत होती आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

माझं बिघडलं. कारण माझ्या मनगटावर वडिलांनी बी.ए.बद्दल दिलेलं घड्याळ होतं. मनगटावर घड्याळ असलेल्या बावीस वर्षांच्या मुलीइतकं धोकादायक जनावर सातपुड्यात नसेल. मी आठवडाभर मिनिटांची टिपणं ठेवली आणि मुख्याध्यापिकांना, ज्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत, 'शिस्त व राष्ट्राची प्रगती' अशा मथळ्याचा अर्ज दिला. राष्ट्राच्या प्रगतीत महादूची टोपी आडवी येत आहे, असा त्याचा मथितार्थ. मोठ्या बाईंनी महादूला बोलावून तंबी दिली: उद्यापासून खिडकीशी जायचं नाही, काटा जाग्यावर आला की ठोका.

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात घड्याळ डोळ्यांसमोर धरून उभी होते. काटा जाग्यावर आला आणि ठण्ण! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटते आहे तोवर वर्गातून मुलींची किंकाळी आली.

तायडेबाई फळ्याखाली पडल्या होत्या. हातात खडू तसाच. डोळे वर, ओठ निळे. सगळ्या शिक्षिका धावल्या. एकीनं कांदा फोडून आणला, दुसरीनं नाकाला चप्पल लावली. मी प्रथमोपचाराचं पुस्तक कोळून प्यायलेली. त्या ज्ञानाच्या बळावर मी त्यांच्या तळपायांना वही हलवून वारा घालत होते. त्या किती वेळ तशा होत्या ते मला सांगता येणार नाही. हातात घड्याळ असून त्या वेळी एकदाही मी ते पाहिलं नाही.

मग त्यांच्या छातीला एक हिसका बसला, श्वास आला, डोळे खाली आले. पहिलं वाक्य: "महादूले रागावू नका." दुसरं, माझा पदर ओढून, कानाशी: "अमरावती, यायले सांग, उपासानं चक्कर आली. तुमच्यात उपासानंच पडतात ना बाया?"

मी तसं सांगितलं. छप्पनच्या धर्मांतरापासून त्या घरात उपास नव्हता, हे मला माहीत होतं; बाकीच्यांना त्याचा विचारही शिवला नाही. उलट तायडेबाई अजून चोरून उपास करतात, या कल्पनेनं शिक्षकखोलीचा जीव एवढा सुखावला की दोन दिवस सगळ्या त्यांच्याशी गोड बोलत होत्या.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला घरी नेलं. जुन्या शहरात नदीच्या बाजूला दोन खोल्या. दाराच्या कडीला चिंध्या गुंडाळलेल्या. भांडी एकावर एक नाहीत, जमिनीवर ओळीनं मांडलेली, म्हणजे पडायची सोय नाही. आत नऊएक वर्षांची एक मुलगी पाटीवर लिहीत बसली होती. दाराशी येताच बाई हळू आवाजात म्हणाल्या, "कुसुम, मी आली. माह्यासंगं एक पाहुनी हाये. तिले चष्मा हाये." एवढं सांगून मग आत पाऊल.

मी उभ्याउभ्याच माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "आधी बस. पानी पे. मंग बोल."

हे त्या घरातलं पालुपद होतं. बातमी चांगली असो की वाईट, ऐकणाऱ्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं आणि मग सांगायचं. पोरगं पास झालं तरी, बैल मेला तरी. त्यांच्या घराण्यात माणसं दचकली की पडायची. काही उठायची, काही नाही. एक काका पोळ्याच्या दिवशी पाठीमागं डफडं वाजलं तसे पडले, ते पडलेच. म्हणून तीन पिढ्यांपासून त्यांच्याकडे लग्नात वाजंत्री नव्हती, दिवाळीत फटाका नव्हता. गावात त्याला 'मुक्याचं लगन' म्हणत. पूर्वी अंगारे झाले, कोंबडे झाले. "मंग आमी देव सोडले," तायडेबाई म्हणाल्या, "पन भेव नाई सुटलं."

कुसुम त्यांच्या थोरल्या बहिणीची. बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी बहिणीचा डोळा लागला होता. नवी सुईण परगावची. बाळ धीट व्हावं म्हणून बाळाच्या कानाशी थाळी वाजवायची रीत असते. तिनं मोठ्या हौसेनं पितळी थाळी बडवली. बाळ रडलं. आई उठली नाही.

"पोरगी धीट झाली," बाई म्हणाल्या. "दोनदा पडली आतापरेंत, दोनदा उठली."

मी चष्मा काढला. पुसायला नाही. पण तेव्हाची मी गप्प बसणारी नव्हते. बी.ए.ला मानसशास्त्राचा एक पेपर होता. मी म्हणाले, "तायडेबाई, हे सगळं मनाचे खेळ आहेत. भीतीवर विजय मिळवला पाहिजे."

त्या म्हणाल्या, "माह्या बहिनीनं झोपेत कसा मिळवावा विजय, ते सांग."

त्या दिवशी मी माझं मानसशास्त्र मोर्णेत सोडलं.

एक गोष्ट मात्र मला करता येण्यासारखी होती. अमरावतीला आमच्या मागच्या गल्लीत सोनटक्के नावाचे डॉक्टर होते, वडिलांचे बुद्धिबळाचे सोबती. विलायतेहून शिकून आलेले, आणि हृदयाचा आलेख काढायचं यंत्र बाळगून असलेले. त्या यंत्राची त्यांना एवढी हौस की बुद्धिबळात हरले की ते वडिलांनाच त्याला जोडायचे. सुट्टीत मी तायडेबाईंना आणि कुसुमला घेऊन बडनेऱ्यामार्गे अमरावतीला गेले. डॉक्टरांनी दोघींचे आलेख काढले, लांब कागदी पट्ट्या खिडकीच्या काचेला लावल्या, नाक टेकवून पाहिल्या, आणि टाळी वाजवायला दोन्ही हात वर केले.

"डाक्तरसाहेब!" तायडेबाईंचा आवाज शांत होता. "आधी बसा. पानी प्या. मंग सांगा."

डॉक्टर बसले. पाणीही प्यायले. त्यांच्या जन्मात रोग्यानं त्यांना असं पहिल्यांदाच बसवलं असावं. मग त्यांनी सांगितलं. हृदय एक ठोका देतं आणि पुढच्या ठोक्यासाठी सावरून बसतं. तुमच्या घराण्याचं हृदय ठोका चांगला देतं, पण सावरायला जास्त वेळ घेतं. तेवढ्यात भीतीचा धक्का आला की ते बिचारं भलत्या वेळी उठतं आणि नुसतं थरथरत राहतं. अशी घराणी दुसरीकडेही आहेत, परदेशी वैद्यकीय मासिकांच्या अंकांत थोडंफार यायला लागलं आहे. औषध ठाऊक नाही.

"म्हणजे आमी येकटेच नाई," तायडेबाई म्हणाल्या. त्यांना यात केवढं समाधान वाटलं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. शाप एका घराला असतो. रोग कुणालाही होतो.

तिथून पुढं काही वर्षं डॉक्टर अंक वाचत राहिले, तायडेबाई रुमालानं कवायत घेत राहिल्या आणि महादू टोपी काढत राहिला. (माझा अर्ज मी स्वतःच परत घेतला होता. राष्ट्राची प्रगती थोडी लांबली.) मग एका पावसाळ्यात डॉक्टरांचं बोलावणं आलं. मुंबईला त्यांच्या ओळखीचे एक सर्जन होते. विडी ओढून ज्यांच्या बोटांना रक्त पोचेनासं होतं, अशांच्या मानेच्या बुडाशी असलेली मज्जातंतूंची एक गाठ ते कापून काढत. सोनटक्क्यांचं म्हणणं असं, की डाव्या बाजूच्या त्याच गाठीतून मेंदूतली भीती हृदयाला पोचते. ती वाटच कापली तर? सर्जन म्हणाले होते, करून पाहता येईल. असल्या रोगासाठी मी कधी केलेलं नाही. गुण येईलच असं नाही. आणि टेबलावरच काही झालं तर...

"म्हणजे माहं अन् बिडीवाल्याचं औषध येकच," तायडेबाई म्हणाल्या. "बिडी न ओढता."

डॉक्टर म्हणाले, मूल लहान असतानाच करावं असं सर्जनना वाटतं. आधी कुसुमचं करू. कुसुम तेव्हा पंधरा वर्षांची होती, आणि त्या वर्षी तिसऱ्यांदा पडून उठली होती.

"नाई," बाई म्हणाल्या. "पोरीवर शिकू नका, माह्यावर शिका. माहं जमलं त मंग तिचं."

मी म्हणाले, "आणि तुमचं नाही जमलं तर?"

"त तू हायेस ना. सुरई भरतेच रोज, पोरीचंही पाहशील."

मला त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी हो म्हणाले. माझ्या आयुष्यात मी चष्म्याआडून न बोललेला तो बहुधा पहिला शब्द.

तायडेबाई आपल्या भावाबरोबर मुंबईला गेल्या. कुसुम माझ्याकडे. तीन आठवडे आम्ही दोघी कडीला चिंध्या गुंडाळून बसलो होतो. पोस्टमन आरोळी मारतो म्हणून त्याच्याकडून मी गल्लीच्या तोंडाशीच टपाल घेत असे. एक दिवस कार्ड आलं. अक्षर वाकडं, पण त्यांचंच.

"चि. अमरावतीस, आधी बस. पाणी पी. कुसुमलेही बसव. बसल्या का? मी जित्ती हाये. मान दुखते. डावा हात कोरडा झाला, फुलपात्र धरल्यावर घसरत नाही. डाव्या डोळ्याची पापणी खाली आली ते वर जाऊन नाही राहिली, डाक्तर म्हणते राहीन तशी. सर्जनसाहेबाने मले इचारलं, कसं वाटते. मी म्हटलं, भेव आलं का सांगतो. भेव अजून आलं नाही. शाळेत सांग, बाई येत हाये."

भेव आल्याशिवाय औषध लागू पडलं की नाही हे कळणार नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय कुसुमचा नंबर नव्हता. तायडेबाई परत आल्या आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "अमरावती, मांगून येऊन भेव दाखव."

"मी नाही."

"एकडाव पाडलं तेव्हा बरं इचारलं नाई?"

"तेव्हा मी मूर्ख होते."

"आता कोन शानी झाली? दाखव." मी महिनाभर टाळलं. त्यांनी महादूला सांगितलं, टोपी काढू नको. महादू रडायला लागला. शेवटी ही परीक्षा घेतली ती आमच्या शाळा समितीनं, आणि तिला कळलंही नाही.

झालं असं. समितीचे अध्यक्ष बापूसाहेब, एका जिनिंग फॅक्टरीचे मालक, दर तीन महिन्यांनी वर्ग पाहायला यायचे. ते तायडेबाईंच्या वर्गात शिरले. बाईंनी नमस्कार केला. उजवा डोळा आदरानं उघडा, डावी पापणी अर्ध्यावर. बापूसाहेब थबकले. बाहेर जाताना त्यांनी वळून पाहिलं. पापणी तशीच. साठीच्या बापूसाहेबांनी त्या दिवशी संध्याकाळी मिशी काळी केल्याचं जुन्या शहरात बोललं गेलं. पुढच्या खेपेला ते एकदा नाही, तीनदा वर्गात शिरले. तिन्ही वेळा तेच. मग त्यांच्या घरी ही गोष्ट पोचली. कशी ते माहीत नाही, पण मिशी घरातूनही दिसते. लगोलग शिक्षकांच्या खोलीत समितीची तातडीची सभा. विषय पहिला: श्रीमती तायडे अध्यक्षांना डोळा मारतात. विषय दुसरा, चिटणिसांनी ऐनवेळी आणलेला: श्रीमती तायडे यांना हृदयाचा आनुवंशिक रोग असून त्या केव्हाही कोसळू शकतात, सबब नोकरीस अपात्र. एकच बाई एकाच वेळी मोहिनीही आणि मरणासन्नही, यात समितीला काही विसंगती वाटली नाही.

इतिवृत्त लिहायला मी होते. तायडेबाई टेबलासमोर उभ्या. त्यांना खुर्ची दिली नव्हती. मे महिना. उजवा गाल निथळत होता.

"डोळा कावून मारता?" चिटणीस म्हणाले.

"मारून नाई राह्यली, पडला हाये. मुंबईच्या डाक्तरनं पाडला. कागद आनला." त्यांनी कागद ठेवला. तो इंग्रजीत होता, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली.

"मग दोनच्या दोन पापण्या का नाही पाडल्या?" एका सदस्यांनी विचारलं. अजूनही मला वाटतं, तो प्रश्न त्यांनी प्रामाणिकपणे विचारला होता.

"दोन्ही पाडल्या असत्या," बाई म्हणाल्या, "त बापूसाहेब वर्गात कितीदा आले ते कसं दिसलं असतं?"

बापूसाहेबांचा चेहरा लाल झाला. ते उठले. त्यांच्या हातात पितळी मुठीची जाड काठी असे. "उद्धट!" म्हणून त्यांनी ती काठी सगळ्या ताकदीनिशी टेबलावर आपटली. शाईची दौत उडाली. भिंतीवरची पाल पडली. मी लेखणी टाकून उभी राहिले.

आणि मग कुणीच हाललं नाही. कारण विषय दुसरा सगळ्यांना एकदम आठवला होता. बापूसाहेबांना सगळ्यांत जास्त. काठी टेबलावर तशीच, त्यांचं तोंड उघडं.

तायडेबाई उभ्याच होत्या. त्यांचा उजवा गाल भडक लाल झाला, उजव्या कपाळावरून घामाची धार लागली. डावी बाजू पाण्यातल्या दगडासारखी शांत. त्यांनी डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवली, डॉक्टरांनी शिकवली तशी, आणि कान देऊन ऐकावं तशी मान वाकडी केली. मला वाटतं तेवढा वेळ माझ्या घड्याळानंही श्वास रोखला असेल.

"चालू हाये," त्या म्हणाल्या. स्वतःशीच. मग चेहरा वर करून: "बापूसाहेब, अजून येकडाव मारा बरं. तसंच. डाक्तरले लिवा लागते."

बापूसाहेबांनी मारली नाही. ते मटकन खुर्चीत बसले. चेहरा पांढरा. तायडेबाई वळल्या, कोपऱ्यातल्या सुरईतून पेला भरला आणि त्यांच्या हातात दिला. "आधी बसा. बसलेच हाये म्हना. पानी प्या."

ते घटाघटा प्यायले. अर्धा पेला संपल्यावर ते पाणी कुठल्या सुरईतलं आणि कुणाच्या हातचं, हे त्यांच्या ध्यानात आलं. पेला ओठाशी थांबला. उरलेला अर्धा पेला प्यावा की ठेवावा, या प्रश्नावर समिती जेवढी गंभीर झाली, तेवढी शाळेच्या गळक्या छपरावर कधी झाली नव्हती. घसा कोरडा होता. बापूसाहेब प्यायले. मी इतिवृत्तात लिहिलं: 'दोन्ही विषय निकाली.' पाण्याचं लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

मग कुसुमचा नंबर आला. नातेवाईक म्हणाले, पोरीची पापणी पडेल, मानेवर व्रण येईल, लगन कसं होईन? "जित्ती राह्यली त होईन ना," तायडेबाई म्हणाल्या, आणि पोरीला घेऊन गाडीत बसल्या. सर्जननी बजावून सांगितलं होतं, धोका कमी होतो, संपत नाही. बाईंनी ते प्रत्येकाला तसंच सांगितलं, एक शब्द न गाळता. चमत्कार झाला म्हणणाऱ्याला त्या झापायच्या. "चमत्कार कायचा? वाट कापली. पायवाट असन कुठं तरी अजून."

त्यांनी पायवाटा तपासायला घेतल्या. आधी वाटी पाडली, कुसुमच्या समोर. मग मागून. मग कडीच्या चिंध्या एक-एक करून सोडल्या, आठवड्याला एक. पुढं घंटा. महादूनं टोपी न काढता पहिली घंटा दिली तेव्हा कुसुम बाईंच्या शेजारी बसली होती, आणि खिडकीबाहेर महादू स्वतःच कांब टाकून खाली बसला. तायडेबाईंनी त्यालाही पाणी पाठवलं.

पुढं माझं लग्न झालं, मी परत अमरावतीला आले. कुसुमच्या लग्नाचं बोलावणं आलं तेव्हा साठचं दशक संपत आलं होतं. मुलगा पातूरचा, ग्रामपंचायतीत कारकून. पाहायला आला तेव्हा चहा देताना कुसुमनं आपल्याला डोळा मारला, अशी त्याची खात्री झाली, आणि त्यानं कपबशी हातात असतानाच होकार दिला. तायडेबाईंनी आधी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. रोग, गाठ, पापणी, पोराबाळांनाही होऊ शकतं हेही. तो विचार करायला घरी गेला. दुसऱ्या दिवशी परत आला आणि म्हणाला, डोळा मारला नसला तरी चालेल.

लग्न बाळापूरला, उन्हाळ्यात. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले. मांडवात पहिल्या रांगेत डॉक्टर सोनटक्के, मांडीवर औषधांची बॅग उघडी. मांडवाच्या एका कडेला लाल डगल्यातली पंधरा माणसं, हातात पितळी कर्णे, पोटावर ढोल. अमरावतीचा सगळ्यांत मोठ्या आवाजाचा बँड. तीन पिढ्यांत त्या घराच्या दारात वाजंत्री आली नव्हती. गावातली म्हातारी माणसं भिंतीशी गोळा झाली होती. कुणी बोलत नव्हतं. कुसुम नवऱ्याशेजारी बसली होती, डावी पापणी अर्ध्यावर, ढोलाकडे बघत.

मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. तायडेबाई माझ्याजवळ आल्या, हातात पेला.

"अमरावती, आधी बस. पानी पे."

मी बसले, प्यायले. पुढं त्यांची पत्रं आली, शेवटपर्यंत 'आधी बस'नं सुरू होणारी. पण मी त्यांना पाहिलं ते त्या दुपारी शेवटचं. त्या मांडवाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. एकदा कुसुमकडे पाहिलं. तिनं दोन्ही तळहात मांडीवर पालथे ठेवले आणि मान हलवली. बाईंनी पांढऱ्या रुमालानं उजवं कपाळ पुसलं, उजवा गाल पुसला, उजवी मान पुसली. सावकाश. डावीकडे बघायचं कारण नव्हतं. मग कवायतीला करत तसा तो रुमाल सरळ वर नेला.

पंधरा जणांनी श्वास भरून घेतला. मी डोळे मिटले.

पहिल्या ठोक्याला मांडवात एकच पेला फुटला. तो माझ्या हातातला. मी डोळे उघडले तेव्हा रुमाल अजून वर होता, आणि ढोलाच्या दणक्यात, उन्हात, मावशी-भाची दोघी माझ्याकडे बघून हसत होत्या, डावा डोळा मारत.